कोकणा भाषा आणि संस्कृती

कोकणा (अन्य नावे: कोकणी, कुकणा, कुंकणा) ही महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवरील सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्यात राहणाऱ्या याच नावाच्या आदिवासी समाजाची भाषा आहे. ती इंडो-आर्य भाषाकुळातील असून मराठी, अहिराणी, गुजराती आणि भिली या चार भाषांच्या संगमावर उभी आहे. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर व बागलाण हे तालुके, धुळे जिल्ह्यातील साक्री, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर आणि पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा हा तिचा मुख्य प्रदेश होय. गुजरातमध्ये ती डांग, वलसाड, नवसारी व तापी या जिल्ह्यांत आणि शेजारच्या दादरा व नगर हवेली येथेही बोलली जाते. तिला स्वतंत्र लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तर गुजरातमध्ये गुजराती लिपीत लिहिली जाते. तथापि लेखनाची परंपरा अलीकडची आहे. तिचे खरे भांडार थाळीवर गायिल्या जाणाऱ्या कथा, डोंगऱ्या देवाची गाणी आणि विधींतील मंत्र यांत आहे. आंतरराष्ट्रीय भाषा-संकेतावलीत या भाषेची नोंद कुकणा या नावाने स्वतंत्रपणे झालेली आहे.

## नाव

कोकणा हे नाव कोकणावरून आले, याविषयी समाजातील परंपरा आणि ब्रिटिशकालीन नोंदी यांत एकवाक्यता आहे. इ. स. १३९६ नंतर दख्खनमध्ये पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात ठाण्याकडील कोकणपट्टीतून माणसे घाट चढून वर आली आणि डांगच्या जंगलात स्थिरावली, अशी ही परंपरा आहे. तिला समकालीन लेखी पुरावा नाही. पण समाजाची स्वतःविषयीची स्मृती म्हणून तिचे महत्त्व आहे.

नावातील साम्यामुळे गोवा आणि सिंधुदुर्ग भागातील कोंकणी भाषेशी कोकणाची गल्लत वारंवार होते. या दोन भाषा वेगळ्या आहेत. गोव्याची कोंकणी १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली. कोकणाला तसे स्थान नाही. नाशिकमध्ये समाजातील लोक बोलताना स्वतःला बहुधा ‘कोकणी’ म्हणवतात, गुजरातमध्ये ‘कुकणा’ हे रूप रूढ आहे, तर डांग आणि पेठ भागात ‘कुणबी’ असाही उल्लेख होतो. या शेवटच्या नावामुळे पठारावरील शेतकरी कुणब्यांशी आणखी एक गल्लत होते. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्राच्या यादीत ‘कोकणा, कोकणी, कुकणा’ अशी तिन्ही रूपे एकाच नोंदीखाली दिलेली आहेत.

गावित, चौधरी, भोये, महाले, बागुल, गायकवाड, पवार, ठाकरे, देशमुख, राऊत ही कोकणा समाजातील नेहमीची आडनावे आहेत. यांतील अनेक आडनावे मराठा व अन्य समाजांतही असल्याने केवळ आडनावावरून ओळख पटत नाही.

## प्रदेश

जुन्या नाशिक गॅझेटिअरमध्ये (१८८३) जिल्ह्याचे ‘डांग’ आणि ‘देश’ असे दोन भाग केलेले आढळतात. पश्चिमेचा डोंगराळ, अतिपावसाचा भाग तो डांग आणि पूर्वेचे गोदावरी-गिरणा खोऱ्यातील काळ्या मातीचे सपाट मैदान तो देश. कोकणांची वस्ती मुख्यत्वे डांग भागात आहे. गुजरातमधील डांग जिल्हा हा याच भूभागाचा उत्तरेकडील विस्तार होय. डांगी जातीचे गुरेही याच प्रदेशातले; तेलकट कातडी आणि टणक खुरांमुळे ती चार महिन्यांच्या मुसळधार पावसात खाचरात उभी राहू शकतात.

सुरगाणा तालुक्याच्या परिसरातून पार, नार, तान, मान आणि अंबिका या नद्या पश्चिमेकडे, तर केमच्या डोंगरातून उगम पावणारी गिरणा पूर्वेकडे वाहते. दमणगंगेचा उगमही पेठ-दिंडोरीच्या डोंगरातच आहे. पाऊस भरपूर पडूनही उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरावे लागते, ही या पट्ट्याची जुनी व्यथा आहे. उतारावरील उथळ मातीत पाणी टिकत नाही आणि पश्चिमवाहिनी नद्या ते थेट अरबी समुद्रात नेतात.

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांत मात्र ते नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील कोकणा जमातीची लोकसंख्या सुमारे ६.८७ लाख नोंदली गेली. गुजरातमधील साडेतीन लाखांहून अधिक लोक धरता हा समाज दहा लाखांच्या घरात जातो. एकाच गावात किंवा लगतच्या पाड्यांवर कोकणांबरोबर महादेव कोळी, वारली, भिल्ल आणि कातकरी राहतात, त्यामुळे डोंगरातील सामान्य माणूस दोन-तीन बोली सहज समजतो.

## भाषा

### वर्गीकरणाचा प्रश्न

कोकणा ही मराठीची बोली, भिलीची शाखा की स्वतंत्र भाषा, याविषयी शतकभर मतभिन्नता आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) नाशिक-खानदेशातील ‘कोंकणी’ बोलीची नोंद भिल्ल भाषांमध्ये केली गेली आणि डांगी बोलीची नोंद खानदेशीच्या खाली. वास्तविक डांगमधील कोकणा कुटुंबे आणि सुरगाण्यातील कोकणा कुटुंबे परस्परांत सोयरिकी करीत आणि बोलताना त्यांना काही अडचण येत नसे. अशा प्रकारे एकाच बोलीपट्ट्याचे दोन तुकडे दोन गटांत गेले. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाची बरीचशी माहिती स्थानिक अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवर आधारलेली होती. नमुना देणारा कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा आणि तो कोणासमोर बोलतो आहे यावर वर्गीकरण बरेच अवलंबून राहिले.

स्वातंत्र्योत्तर जनगणनांतही ‘कोकणा/कोकणी/कुकणा’ ही मातृभाषा भिली-भिलोडी या गटाखाली मोजली जाते. शिवाय अनेक कुटुंबे जनगणनेत मातृभाषा म्हणून मराठी किंवा गुजराती सांगतात. शाळेची भाषा तीच आपली भाषा असे त्यांना वाटते, किंवा प्रगणक तसे गृहीत धरतो. जमातीची लोकसंख्या आणि भाषकांची नोंदलेली संख्या यांत त्यामुळे मोठी तफावत पडते आणि भाषकसंख्येच्या कोणत्याही आकड्याकडे सावधपणे पाहावे लागते.

गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात (संपादक अरुण जाखडे, २०१३) आदिवासी बोलींना, त्यांच्या उपप्रकारांसह, स्वतंत्र जागा देण्यात आली. भाषा आणि बोली यांत उच्चनीच भेद न करण्याची या सर्वेक्षणाची भूमिका होती.

### स्वरूप

कोकणाची वाक्यरचना मराठी कानाला परिचित वाटते. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम, तिन्ही लिंगे आणि ‘ळ’ व ‘ण’ हे वर्ण तिच्यात आहेत. चतुर्थीचा ‘ला’ प्रत्यय मराठीप्रमाणेच आहे. षष्ठीला मात्र ‘चा, ची, चे’ न येता ‘ना, नी’ हे प्रत्यय येतात. म्हणजे ‘देवाचा’ याऐवजी ‘देवना’ आणि ‘माझा’ याऐवजी ‘माना’. येथे कोकणाचे नाते अहिराणी आणि गुजरातीशी जुळते. मुलगा व मुलगी यांसाठी ‘पोसा’ आणि ‘पोसी’ हे शब्द वापरले जातात. मराठी माणसाला वाक्याचा रोख कळतो, पण पुढचे वाक्य निसटते, असा अनुभव बहुतेकांना येतो.

प्रदेशानुसार बोलीत फरक पडतो. कळवण-बागलाणकडे अहिराणीचा, धरमपूर-वांसद्याकडे गुजरातीचा, तर पेठ-त्र्यंबककडे मराठी आणि वारलीचा प्रभाव अधिक जाणवतो. एकच प्रमाण रूप अस्तित्वात नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकृत प्रयत्नही झालेला नाही.

शब्दसंग्रहाची श्रीमंती शेती आणि जंगलाभोवती एकवटली आहे. राब, आवणी, खाचर, वरकस, दळी ही शेतीची परिभाषा शेजारच्या मराठी बोलींनाही समान आहे. पावसाच्या प्रारंभी उगवणाऱ्या रानभाज्यांची नावे, कंदांचे प्रकार, मोहाच्या फुलाच्या व फळाच्या अवस्था, बांबूचे वय आणि उपयोग यांसाठी मात्र बारीक भेद करणारे शब्द आढळतात. ज्या पिढीने हे कंद खणणे सोडले तिच्या बोलण्यातून प्रथम हेच शब्द गळतात.

### सीमेचा वाद

१९४८ ते १९६० या काळात डांगचा प्रदेश महाराष्ट्राकडे जावा की गुजरातकडे, या वादात तेथील लोकांची भाषा हाच मुख्य मुद्दा ठरला. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी १९४९ मध्ये डांगचा दौरा केला. त्यानंतर डांगी ही गुजरातीला जवळची आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला आणि मराठी पक्षाने त्याला जोरदार आक्षेप घेतला. दोन्ही बाजूंनी शब्दांच्या याद्या, प्रत्यय आणि लग्नगीते पुराव्यादाखल पुढे केली गेली. डांगी बोलणाऱ्यांची भाषा त्यांची स्वतःची असू शकते, ही शक्यता या वादात क्वचितच विचारात घेतली गेली. १ मे १९६० रोजी दोन राज्ये अस्तित्वात आली तेव्हा डांग गुजरातमध्ये गेला. त्या दिवसापासून एकाच भाषेची मुले सीमेच्या एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस गुजराती शाळेत जाऊ लागली.

सुरगाणा संस्थान त्याआधीच, १९४८ मध्ये, भारतीय संघराज्यात विलीन झाले होते. सीमेचा प्रश्न अधूनमधून पुन्हा डोके वर काढतो: २०२२ च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी रस्ते, पाणी व आरोग्यसेवा मिळत नसल्याची तक्रार करीत गुजरातमध्ये जाण्याची मागणी केली होती. या वेळी भाषेचा मुद्दा कोणी काढला नाही.

## मौखिक साहित्य

### थाळगान

कोकणा कथागायनाचे वाद्य म्हणजे जेवणाचे काशाचे किंवा पितळेचे ताट. ताटाच्या मध्यभागी मधमाश्यांच्या मेणाने एक बारीक, सरळ काडी उभी चिकटवली जाते. गायक ओल्या किंवा राख लावलेल्या बोटांच्या चिमटीतून ही काडी वरून खाली ओढतो. तिच्या कंपनाने संपूर्ण ताट घुमू लागते. हा अखंड, खोल आवाज तंबोऱ्यासारखा आधारस्वराचे काम करतो. याला थाळी आणि गायकाला थाळकर म्हणतात. थाळकर एक ओळ म्हणतो, साथीदार ती उचलतात, मध्येच गद्यात निवेदन येते आणि पुन्हा गाणे सुरू होते. कथा रात्रभर चालते; काही कथा एकाहून अधिक रात्री पुरतात.

थाळीवर कथा केव्हाही सांगत नाहीत. नवे धान्य घरात आल्यावर, मृत व्यक्तीच्या उत्तरकार्यात किंवा देवाच्या उत्सवात, अशा ठरलेल्या प्रसंगीच ती लावली जाते. कथा ऐकण्यासाठी जमलेल्यांत सुनेपासून सोयऱ्यापर्यंत सगळे असतात, आणि चूक झाली तर म्हातारी माणसे थाळकराला तिथल्या तिथे अडवतात. पाठांतराची ही सामूहिक राखण हेच या वाङ्मयाचे संपादकमंडळ होय.

### कणसरी

थाळगानातील सर्वांत महत्त्वाची कथा कणसरीची. कणसरी ही धान्याची देवता. तिचे रूप शेतातील भरलेल्या कणसाचे, विशेषतः नागलीच्या कणसाचे. विधींतील आवाहनात धरतरी (भूमी), गावतरी (गाय) आणि कणसरी या तिघींची नावे एकत्र येतात. धान्याचा अवमान झाला, ते सांडले किंवा पायदळी तुडवले गेले तर कणसरी रुसते, घर सोडून जाते आणि मागे उपासमार राहते. तिला शोधून, समजावून परत आणावे लागते, हा कथेचा गाभा आहे. कणसरीची उपासना वारली समाजातही आहे, मात्र कथेचे तपशील आणि गाण्याचा ढंग वेगळा.

नागली हे डोंगरउतारावरील मुख्य धान्य असल्याने या कथेला रोजच्या जगण्याचा संदर्भ आहे. जून महिन्यात राबाच्या जागेवर रोपे तयार करायची, मग ती उपटून उतारावर पुन्हा लावायची, दिवाळीच्या सुमारास कापणी करायची आणि धान्य कणगीत भरायचे. पुढच्या आखातीपर्यंत ते पुरले नाही तर कर्ज किंवा स्थलांतर अटळ. मळणीच्या खळ्यावर पायताण घालून न जाण्याचा दंडक या श्रद्धेशी जोडलेला आहे.

### रामकथा

कोकणांमध्ये रामकथेची स्वतंत्र मौखिक परंपरा आहे. तिच्यात पात्रे डोंगरातील शेतकऱ्यांप्रमाणे वागतात आणि घटनांची स्थळे आसपासच्या डोंगरांशी जोडली जातात. डाह्याभाई वाढू यांनी डांग परिसरातील कुंकणा रामकथेचे संकलन करून ती प्रकाशात आणली. बडोद्याच्या भाषा संशोधन केंद्राने आदिवासी भाषांत काढलेल्या ‘ढोल’ या नियतकालिकाच्या कुंकणा आवृत्तीशीही ते निगडित होते. मौखिक कोकणा वाङ्मय छापील स्वरूपात येण्याच्या प्रक्रियेत हे काम महत्त्वाचे मानले जाते. महाराष्ट्राच्या बाजूस अशा संकलनाचे प्रमाण तुलनेने कमी आहे.

## सण आणि उत्सव

कोकणा वर्षाची आखणी पावसाभोवती होते. वैशाखातील आखाती (अक्षय तृतीया) ही शेतीवर्षाची सुरुवात; त्याआधी काही दिवस टोपलीत माती भरून नागली, वरई, भात यांचे दाणे पेरतात आणि टोपली अंधारात ठेवतात. उगवलेल्या पिवळसर रोपांची गवराई म्हणून पूजा होते, बाया गाणी म्हणतात, आणि कोणते दाणे कसे उगवले यावरून येत्या हंगामाचा अंदाज बांधला जातो. आषाढात तेरा हा सण येतो: अळूच्या जातीच्या तेरा या रानभाजीची कोवळी पाने देवाला दाखवल्यानंतरच त्या वर्षी प्रथम खाल्ली जातात. नियमामुळे भाजीला वाढायला वेळ मिळतो, असेही त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पोळा, पितर आणि नवे धान्य खाण्याचा विधी हे त्यापुढचे टप्पे.

आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस साजरी होते. गावाच्या शिवेवर वाघदेवाचे स्थान असते: लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र कोरलेले. गुराखी या दिवशी वाघदेवाला नैवेद्य दाखवून गुरांना राखण्याचे गाऱ्हाणे घालतात. या डोंगरांत आज वाघ उरलेला नाही, बिबट्या आहे. पण देव वाघाचाच राहिला.

### डोंगऱ्या देव

मार्गशीर्ष महिन्यातील डोंगऱ्या देवाचा उत्सव हा कळवण, सुरगाणा, बागलाण, दिंडोरी आणि साक्री भागातील कोकणा व भिल्ल समाजांचा सर्वांत मोठा उत्सव होय. नवस बोललेले पुरुष काही दिवस व्रत पाळतात. त्यांना माऊली म्हणतात. या काळात ते अनवाणी राहतात, जमिनीवर झोपतात, मद्य-मांस वर्ज्य करतात आणि भगताच्या मार्गदर्शनाखाली गावातील खळीवर रात्री फेर धरून नाचतात. देवाचे वारे अंगात येण्याचे प्रसंग या नाचात घडतात. दिवसा माऊल्यांचा मेळा गावोगाव फिरून धान्य गोळा करतो.

नाचाला साथ असते ती पावरीची. वाळवलेला भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाशी रुंद होत जाणारा शिंगासारखा भाग अशी तिची रचना असते. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो. पौर्णिमेच्या रात्री सर्व माऊल्या गडावर, म्हणजे आपल्या गावाच्या ठरलेल्या डोंगरावर, जातात, तेथील गुहेपाशी जागरण व पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी परतल्यावर गावजेवणाने व्रत सुटते. देवाची मूर्ती नसते. डोंगर हाच देव. पाऊस, गवत, कंद आणि लाकूड तोच देतो.

### बोहाडा

होळीनंतर वैशाखापर्यंत, शेतीची कामे नसताना, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, जव्हार आणि मोखाडा भागातील गावांत बोहाडा होतो. डांगकडे त्यास भवाडा म्हणतात. हा मुखवट्यांचा उत्सव एका समाजापुरता नसून कोकणा, महादेव कोळी, वारली आणि गावातील इतर समाज त्यात सहभागी असतात. गणपती आणि शारदेच्या सोंगाने सुरुवात होते, मग रात्रभर एकामागून एक सोंगे संबळ आणि सनईच्या तालावर येतात: नरसिंह, भैरोबा, वेताळ, रावण, रामायण-महाभारतातील वीर. पहाटे देवी आणि महिषासुर यांच्या युद्धाने शेवट होतो. पूर्वी हे सारे टेंभ्यांच्या उजेडात चाले.

मुखवटे हलक्या लाकडात कोरलेले किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. अनेक गावांत विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे असते, मुखवटा घरात देवासारखा जपला जातो आणि बापाकडून मुलाकडे जातो. कोरणाऱ्या सुतारांपैकी काहींनी पर्यटकांसाठी मुखवटे करणे सुरू केल्यानंतर उत्सवाचे मुखवटे आणि विक्रीचे मुखवटे असा भेद रूढ झाला.

## इतिहास

डांगच्या जंगलात राजकीय सत्ता प्रामुख्याने भिल्ल नाईक-राजांकडे होती आणि कोकणा हे त्यांच्या प्रदेशात शेती करून सारा देणारे कुळ होते. १८४२ मध्ये ब्रिटिशांनी सागवानी लाकडासाठी या राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेतली. पुढे राखीव जंगलांचे कायदे आल्यावर फिरती शेती आणि राबासाठी फांद्या तोडणे यांवर निर्बंध आले. डांगच्या राजांना त्या भाडेपट्ट्याचे वार्षिक मानधन देण्याचा सोहळा होळीपूर्वी आहवा येथील डांग दरबारात आजही होतो. अजय स्कारिया यांचा ‘हायब्रिड हिस्टरीज’ (१९९९) हा ग्रंथ या प्रदेशाचा इतिहास स्थानिक मौखिक परंपरांच्या आधारे मांडतो.

१९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात देवी चळवळ पसरली. देवीचा संचार झालेल्या व्यक्तींच्या तोंडून दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, पारशी दारूविक्रेत्यांकडे काम करू नका, असे आदेश येत. डेव्हिड हार्डिमन यांनी ‘द कमिंग ऑफ द देवी’ (१९८७) या अभ्यासात दाखविल्यानुसार ही लाट समुद्रकिनाऱ्यावरून निघून डोंगरांतून फिरली आणि कोकणांसह अनेक समाजांनी तिला आपापला अर्थ दिला. दारूबंदीचा हा आग्रह आणि मोहाच्या दारूला देवकार्यात असलेले स्थान यांतील ताण समाजात अजून टिकून आहे.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाल्यावर कसत असलेल्या वनजमिनीचे दावे हा सुरगाणा, पेठ, कळवण भागातील प्रमुख प्रश्न बनला. ६ ते १२ मार्च २०१८ दरम्यान नाशिकहून मुंबईपर्यंत निघालेल्या शेतकरी मोर्चात या तालुक्यांतील आदिवासी मोठ्या संख्येने होते. पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पातील प्रस्तावित धरणांना २०२२ मध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंनी विरोध झाला. त्यातील झरी धरणाची जागा पेठ तालुक्यात आहे.

## शिक्षण आणि भाषेची सद्यस्थिती

आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय नाशिक येथे असून जिल्ह्यात नाशिक आणि कळवण येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत. त्यांच्यामार्फत चालणाऱ्या आश्रमशाळांमधून कोकणा मुलांची पहिली पिढी मोठ्या प्रमाणावर शिकली. या शाळांचे माध्यम मराठी आहे. सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात आलेले मूल वर्गात ऐकते ती पुस्तकी मराठी त्याच्या घरच्या बोलीपेक्षा इतकी वेगळी असते की पहिली दोन वर्षे मुले गप्प बसतात, आणि ते बुद्धीचे मांद्य समजले जाते, अशी शिक्षकांची जुनी तक्रार आहे. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचे राज्यांचे कर्तव्य राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-अ मध्ये १९५६ पासून नमूद आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घरच्या भाषेवर भर आहे. कोकणापुरते त्याचे रूप मुख्यतः पूरक साहित्याचे राहिले. विषय म्हणून ती शिकवली जात नाही.

तुलनेसाठी उत्तर इटलीतील लादिन भाषेचे उदाहरण उद्बोधक आहे. डोलोमाइट पर्वतातील सेल्ला डोंगराभोवतीच्या गार्देना, बादिया, फास्सा, लिविनालोंगो आणि आम्पेझ्झो या पाच खोऱ्यांत ती बोलली जाते. तिचे भाषक सुमारे तीस हजार, म्हणजे एकट्या सुरगाणा तालुक्याच्या लोकसंख्येपेक्षाही कमी. तीही दोन मोठ्या भाषांच्या, जर्मन आणि इटालियनच्या, मध्ये सापडली. फॅसिस्ट राजवटीत तिचा प्रदेश तीन प्रांतांत विभागला गेला. आणि प्रत्येक खोऱ्याची बोली वेगळी आहे. तरीही बोल्झानो प्रांतातील लादिन खोऱ्यांत १९४८ पासून जर्मन आणि इटालियनला समान तास व जोडीला लादिन अशी शाळांची रचना आहे, आणि १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या दोन सांस्कृतिक संस्था शब्दकोश, ध्वनिमुद्रणे आणि पाठ्यपुस्तकांचे काम करतात. फास्साच्या हिवाळी उत्सवात लाकडी मुखवटे घालून घरोघर फिरण्याची प्रथा आहे, हे बोहाडा पाहिलेल्याला विशेष वाटू नये. दोन्हीकडील फरक भाषकसंख्येचा किंवा परंपरेच्या समृद्धीचा नसून स्वायत्त प्रांताचा निधी आणि शाळेच्या वेळापत्रकातील जागा यांचा आहे.

भाषेच्या वापरावर सर्वाधिक परिणाम स्थलांतराने होतो. खरिपाची कापणी आटोपली की सुरगाणा, पेठ आणि कळवण भागातील कुटुंबे दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्यांतील द्राक्षबागांवर मजुरीसाठी उतरतात. छाटणी, विरळणी आणि खुडणीची कामे संपेपर्यंत तेथेच राहतात. बागेत मुकादम आणि मालक यांच्याशी मराठीत बोलावे लागते आणि मुलेही तीच भाषा उचलतात. दुसऱ्या बाजूस याच मजूर-वस्त्यांवर निरनिराळ्या गावांचे कोकणा एकत्र येतात, लग्ने जुळतात आणि मार्गशीर्षात डोंगऱ्या देवासाठी गावी परतण्याची रजा मुकादमाकडून आधीच ठरवून घेतली जाते.

नाशिक शहरात नोकरी-शिक्षणासाठी स्थायिक झालेल्या कुटुंबांत आजी-आजोबांशी कोकणा, आई-वडिलांशी मिश्र आणि भावंडांशी मराठी असा क्रम सर्रास आढळतो. मोबाइल फोन आल्यापासून लग्नात आणि उत्सवात वाजणारी कोकणा व डांगी गाणी ध्वनिचित्रफितींच्या रूपाने सीमेच्या दोन्ही बाजूंस पसरली आहेत. त्यांत पावरीची जागा बहुधा विद्युत वाद्यांनी घेतली असली तरी शब्द बोलीतलेच असतात, आणि देवनागरी व गुजराती या दोन लिपींत विभागलेला श्रोतृवर्ग ऐकण्याच्या माध्यमात एकत्र येतो. थाळगानाचे मात्र तसे झालेले नाही. रात्रभर चालणारी कथा फितीत मावत नाही, थाळकरांचे सरासरी वय वाढत आहे, आणि काडीसाठी लागणारे मेण बाजारातून आणणाऱ्यांना ताट पूर्वीसारखे घुमत नसल्याचे जाणवते.